कलावंताचे पोट आणि परक्या देशाचा कायदा

गोव्यातील साळगाव येथे जन्मलेले चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा १९४९ मध्ये मुंबई सोडून लंडनला गेले. जे. जे. कलाशाळेतून त्यांना काढून टाकण्यात आले होते. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. आणि आपल्या कुंचल्यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. तरीही लंडनमधील पहिली काही वर्षे चित्रांवर पोट भरणे त्यांना जमले नाही, पत्रकारितेचा आधार घ्यावा लागला. १९५५ मध्ये गॅलरी वनमधील प्रदर्शनाने त्यांचे नाव झाले आणि पुढील वर्षी हॅरॉल्ड कोव्हनर हा अमेरिकी संग्राहक त्यांना भेटला. त्याने नियमित पैसे पाठवावे आणि सूझांनी चित्रे द्यावी, असा व्यवहार ठरला व काही वर्षे चालला. १९५५ सालीच रंगविलेले त्यांचे ‘बर्थ’ हे चित्र २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात चाळीस लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. तेव्हा सूझांच्या निधनाला तेरा वर्षे लोटली होती.

ही कथा प्रतिभेच्या विजयाची म्हणून सांगितली जाते आणि ती खोटी नाही. परंतु तिच्यातील एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. प्रतिभा आणि पोट यांच्यामधील दरी त्या काळात एका धनिकाच्या मर्जीने भरून निघाली. सय्यद हैदर रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले ते फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर. सुरुवातीच्या अवघड काळात एकाला संग्राहक लाभला, दुसऱ्याला सरकार. ज्यांना यांपैकी कोणीच लाभले नाही, त्यांची नावे आज कोणाला ठाऊक असणार?

हा प्रश्न केवळ कलेतिहासाचा नाही. मुंबई, पुणे, नागपूर, पणजी येथील कलाशिक्षण संपवून परदेशाची वाट धरणारा तरुण आज केवळ चित्रकार नसतो. तो बोधचित्रकार असतो, ॲनिमेशन करणारा असतो, वादक किंवा नर्तक असतो. ‘नोकरी कोणती?’ या घरच्यांच्या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नसते, कारण नोकरी नसतेच. त्याला स्वतःच्या कामावर, स्वतःच्या बिलांवर जगावयाचे असते. अशा माणसाचे परक्या देशात काय होते, हे त्याच्या गुणवत्तेइतकेच त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून असते. जर्मनीचे उदाहरण या दृष्टीने तपासून पाहण्याजोगे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर संपन्न झालेल्या पश्चिम जर्मनीत कामगाराला आजारपणाचा विमा होता, निवृत्तिवेतन होते, आणि त्यांच्या हप्त्याचा निम्मा भाग मालक भरीत असे. लेखक, चित्रकार, वादक यांना मालकच नव्हता. म्हणून तो निम्मा भागही नव्हता. १९६९ मध्ये कोलोन येथे लेखकांची संघटना स्थापन झाली तेव्हा पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे हाइन्रिश ब्योल यांनी, लेखकांनी आता नम्रता सोडून आपल्या श्रमांचा हिशेब मागावा, असे बजावले. १९७२ मध्ये लेखकांच्या आणि १९७५ मध्ये कलावंतांच्या परिस्थितीविषयी प्रसिद्ध झालेल्या पाहणी-अहवालांनी या तक्रारीला आकड्यांचा आधार दिला. १९८१ मध्ये संसदेने कायदा संमत केला आणि १ जानेवारी १९८३ पासून ‘क्युन्स्टलरझोत्सियालकासे’ म्हणजे कलावंतांचा सामाजिक विमा निधी कामास लागला.

या व्यवस्थेची रचना साधी आहे. स्वतंत्र व्यवसाय करणारा कलावंत आरोग्यविमा, शुश्रूषाविमा आणि निवृत्तिवेतन यांच्या हप्त्याचा फक्त निम्मा भाग भरतो. उरलेल्यापैकी वीस टक्के संघराज्य सरकार देते आणि तीस टक्के कलेचा व्यापार करणाऱ्यांकडून, म्हणजे प्रकाशक, कलादालने, नाट्यगृहे, नभोवाणी व जाहिरातसंस्था यांच्याकडून येतात. त्यांनी कलावंतांना दिलेल्या मोबदल्यावर त्यांना सध्या सुमारे पाच टक्के आकार भरावा लागतो. ज्याला कोणी एक मालक नाही, त्याचे सर्व ग्राहक मिळून त्याचा मालक होय, असे हे तत्त्व आहे. व्यापारी संस्थांनी या आकाराला न्यायालयात आव्हान दिले. परंतु १९८७ मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने तो वैध ठरविला.

परदेशातून आलेल्या कलावंताच्या दृष्टीने येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. मोबदला घेणारा कलावंत या निधीचा सभासद असो वा नसो, आकार भरावाच लागतो. तसे नसते, तर विमा नसलेला, नुकताच आलेला, गरजू परदेशी माणूस ग्राहकाला स्वस्त पडला असता आणि त्याच्या गरजेनेच इतरांचे दर पाडले असते. निधीचे सभासदत्वही राष्ट्रीयत्व पाहून दिले जात नाही. कला निर्माण करणे, सादर करणे किंवा शिकविणे हा तुमचा कायमचा व्यवसाय आहे काय, आणि त्यातून वर्षाला ३,९०० युरोंहून अधिक उत्पन्न होते काय, हे प्रामुख्याने पाहिले जाते. व्यवसायाच्या पहिल्या तीन वर्षांत तर उत्पन्नाची ही अटही शिथिल असते. धडपडीचा काळ कायद्यानेच गृहीत धरला आहे, ही गोष्ट लहान नव्हे.

मात्र या दारापूर्वी दुसरे एक दार आहे. युरोपीय संघाबाहेरील माणसाला प्रथम वास्तव्याचा परवाना हवा. जर्मन वास्तव्य कायद्याच्या एकविसाव्या कलमानुसार स्वतंत्र व्यवसायासाठी तो मिळू शकतो; पण त्यासाठी उदरनिर्वाहाची तजवीज आणि आरोग्यविमा दाखवावा लागतो, आणि अर्जदार पंचेचाळिशी ओलांडलेला असेल तर म्हातारपणाची सोयही. बर्लिनसारख्या शहरात काम देऊ इच्छिणाऱ्यांची पत्रे मागितली जातात. चित्रसंग्रह उत्तम असून भागत नाही. तो पाहून कोणी काम देणार आहे, हे कागदावर दिसावे लागते. येथेच पेच निर्माण होतो. परवान्यासाठी विमा हवा आणि निधीमार्फत विमा मिळण्यासाठी त्या देशात व्यवसाय सुरू झालेला हवा. मधल्या काळासाठी स्वतःच्या खर्चाने दुसरा विमा घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही. जर्मन विद्यापीठातून पदवी घेतलेल्याला काम शोधण्यासाठी अठरा महिन्यांपर्यंत राहता येते, म्हणून विद्यार्थ्याच्या वाटेने जाणाऱ्याला ही चढण थोडी सोपी पडते.

एकदा आत शिरल्यावर निधीचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढते. कायमच्या वास्तव्याचा परवाना मागताना सामान्यतः साठ महिने निवृत्तिवेतनाचे हप्ते भरल्याचा किंवा तत्सम तरतुदीचा पुरावा द्यावा लागतो. निधीमार्फत भरलेले हप्ते त्यात जमेस धरले जातात. दरमहा निमूटपणे भरलेली ही रक्कम म्हणजे केवळ म्हातारपणाची शिदोरी नव्हे. त्या देशात पाय रोवण्याचा तो आधार आहे. याउलट ज्याने पहिली पाच वर्षे हिशेबाच्या वहीकडे तुच्छतेने पाहिले, त्याला प्रदर्शने गाजूनही परवान्याच्या खिडकीपाशी अडचण येऊ शकते.

ही व्यवस्था स्वर्ग नव्हे, हेही सांगितले पाहिजे. निवृत्तिवेतन उत्पन्नाच्या प्रमाणात असल्याने तुटपुंज्या कमाईवर तुटपुंजेच वेतन हाती येते. शिवाय बेकारीचा विमा तिच्यात नाही. २०२० मध्ये महासाथीने नाट्यगृहे आणि सभागृहे बंद झाली, तेव्हा ही उणीव उघडी पडली. संघराज्य सरकारची तातडीची मदत प्रामुख्याने जागेचे भाडे व तत्सम व्यावसायिक खर्चासाठी होती. ज्याचे दुकान म्हणजे त्याचा गळा किंवा त्याचे हात, त्याने कोणता खर्च दाखवावा? बर्लिन राज्याने एकट्याने व्यवसाय करणाऱ्यांना ५,००० युरोंचे अनुदान देऊन ही त्रुटी काही अंशी भरून काढली. तरीही आजारी पडल्यावर डॉक्टरकडे जाता येते एवढा दिलासा या कलावंतांना होता, आणि तो मर्जीने नव्हे, हक्काने मिळालेला होता.

मर्जी आणि हक्क यांतील हा फरक आपल्यालाही विचार करावयास लावणारा आहे. महाराष्ट्रात वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची योजना आहे. ती उपकारक आहे, यात शंका नाही. परंतु उमेद सरल्यावर निवड समितीपुढे अर्ज घेऊन उभे राहणे वेगळे आणि उमेदीच्या काळात प्रत्येक बिलाबरोबर विम्याचा अंश जमा होत जाणे वेगळे. जर्मन तत्त्वही आता आपल्याला सर्वस्वी परके राहिलेले नाही. संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत, घरपोच सेवा देणाऱ्या व तत्सम कामगारांकडून काम करून घेणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षेसाठी द्यावी, अशी तरतूद आहे. जेवणाचा डबा पोचविणाऱ्याच्या बाबतीत जे मान्य झाले, ते मुखपृष्ठ रंगविणाऱ्या वा लग्नमंडपात सनई वाजविणाऱ्या माणसापर्यंत पोचवावयास तत्त्वतः अडचण कोणती?

तोपर्यंत मुले परदेशी जाणारच, आणि त्यांनी जावेही. मात्र निरोप देणाऱ्या शिक्षकांनी आणि पालकांनी रंगांच्या पेटीबरोबर बिल कसे करावे, कर कसा भरावा, विम्याचा अर्ज कसा लिहावा, हेही त्यांच्या सामानात बांधून द्यावयास हवे. सूझांना कोव्हनर भेटला, हे त्यांचे भाग्य होते. भाग्यावर एखादा सूझा जगतो. बाकीच्यांना जगावयास कायदा लागतो, आणि तो वाचता यावा लागतो.