पात्रता उत्तरपत्रिकेतील आणि वर्गातील

शिक्षक पात्रता परीक्षेची अट १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवीच्या सेवेतील शिक्षकांनाही लागू केली. निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्यांना दोन वर्षांची मुदत मिळाली. वीस-वीस वर्षे शिकविणारे त्यामुळे धास्तावले. परंतु धास्तीपोटी मूळ प्रश्न बाजूला पडता कामा नये. ही परीक्षा नेमके काय मोजते?

दीडशे मिनिटे, दीडशे बहुपर्यायी प्रश्न आणि खुल्या प्रवर्गासाठी साठ टक्क्यांची रेषा. शिक्षकाला भाषा व अंकगणित आलेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. ज्याला अपूर्णांक उमगले नाहीत, तो ते मुलांना काय उमगवणार? तेवढे अज्ञान ही परीक्षा हुडकू शकेल. पण सातपुड्यात घरी पावरी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीकडे कसे न्यावे, एका खोलीतील चार इयत्ता कशा सांभाळाव्यात, ऊसतोडीहून परतलेल्या मुलीचा बुडालेला अभ्यास कसा भरून काढावा, याची उत्तरे चार पर्यायांत मावत नाहीत. ८९ गुणांचा शिक्षक वर्गात निकामी आणि ९० गुणांचा समर्थ, हे कोणत्या कसोटीवर ठरले?

न्यूयॉर्कमध्ये हाच प्रश्न न्यायालयात गेला. तेथील शिक्षक-परवान्याच्या परीक्षेत कृष्णवर्णीय व लॅटिन वंशाचे उमेदवार गौरवर्णीयांच्या तुलनेत अधिक प्रमाणात नापास होत. परीक्षेचा शिकविण्याच्या कामाशी संबंध सिद्ध न झाल्याने २०१५ साली न्यायालयाने ती भेदभावकारक ठरविली. आपल्याकडे तर २०१९-२० च्या परीक्षेत गुणवाढीचा बाजारच भरला. २०२२ साली सात हजार आठशेंहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. चाळणीच विकली जाते, तेथे धान्याची प्रतवारी कसली?

शिक्षणसेवकाला तीन वर्षे मानधनावर राबविणारे, त्याला जनगणनेस व निवडणुकीस जुंपणारे शासन गुणवत्तेचा सारा भार एका उत्तरपत्रिकेवर टाकून मोकळे होते. ही पळवाट आहे.

तथापि शिक्षक संघटनांनी केवळ सूट मागून थांबू नये. तसे केल्यास कष्टकरी पालक दुरावतील, आणि तो दोष पालकांचा नसेल. ‘वर्गात येऊन पाहा’ असे आव्हान संघटनांनीच द्यावे. परीक्षा प्रवेशापुरती असावी. सेवेतील शिक्षकाचे मूल्यमापन अनुभवी शिक्षकांनी वर्षभरात अनेकदा वर्गात बसून करावे, उणीव आढळेल तेथे प्रशिक्षण द्यावे, आणि त्यानंतरही जो शिकवीत नाही त्याची पाठराखण करू नये. गरिबाच्या मुलाला चांगला शिक्षक मिळणे हा त्याचा हक्क आहे. आपला लढा त्या हक्कासाठी असला पाहिजे.