स्कंकचे रात्रीचे जेवण

मुलांनो, स्कंक म्हटला की सगळ्यांना दुर्गंधीच आठवते. तो खातो काय, हे कोणी विचारत नाही!

अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी डोंगरांतल्या जंगलात हा मांजराएवढा, काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला प्राणी राहतो. अंधार पडला की बिळातून निघतो. नजर अधू, पण नाक तिखट. पाचोळा हुंगत जायचे आणि पुढच्या पायांच्या लांब नखांनी छोटे छोटे खड्डे करून भुंगेऱ्यांच्या अळ्या काढायच्या, हा त्याचा रोजचा उद्योग. आपल्याकडची हुमणी अशीच भुंगेऱ्याची अळी. ती काय नुकसान करते, ते ऊस लावणाऱ्या एखाद्या चाचांना विचारा.

केसाळ सुरवंट मिळाला, तर स्वारी तो तसाच गिळत नाही. पंजाने जमिनीवर घोळवून आधी केस काढते. मधमाश्यांच्या पेटीवर रात्री नखे घासून, चौकशीला बाहेर आलेल्या माश्या मटकावते. (मधपाळ वैतागणारच!) रानफळे, उंदीर, अंडीही चालतात. हिवाळ्याआधी मात्र खाणे फार वाढते, कारण थंडीचे बरेच दिवस बिळात पडून अंगातल्या चरबीवर काढायचे असतात.

तिथल्या राष्ट्रीय उद्यानात वन्यप्राण्यांना खाऊ घालायला बंदी आहे. तंबूबाहेर उष्टे पडले, की स्कंक रोज येऊ लागतो. मग एखादे मूल किंवा कुत्रे अंगावर धावले, की घाबरून फवारा सोडतो आणि बदनामी त्याचीच होते. त्याच्या चाव्यातून रेबीजही होऊ शकतो. म्हणून तिथे रात्री अन्न बंद गाडीत ठेवतात.