क्रीडाव्यवस्थापनाचे करार आणि सुरगाण्याचे मैदान

२०२५ हे वर्ष भारतीय क्रीडाप्रशासनाच्या इतिहासात लक्षात राहावे असे गेले. जानेवारीत दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि पुरुष व महिला अशा दोन्ही गटांत भारताने अजिंक्यपद मिळविले. दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे यांच्याकडे, होते. ऑगस्टमध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. नोव्हेंबरात २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले. या तिन्ही घटनांतून सर्वत्र एकच निष्कर्ष काढला जात आहे: खेळ हा आता उद्योग झाला असून त्याला प्रशिक्षित व्यवस्थापकांची गरज आहे. विद्यापीठांनी आणि खासगी शिक्षणसंस्थांनी हा निष्कर्ष मोठ्या तत्परतेने उचलला. क्रीडाव्यवस्थापनाचे अभ्यासक्रम निघाले आणि त्यांच्या पाठोपाठ क्रीडासंस्थांशी सामंजस्य करार करण्याची रीत रूढ झाली. संस्थेने विद्यार्थ्यांना काही दिवस आपल्याकडे काम करू द्यावे व विद्यापीठाने त्या कामाचे श्रेयांक द्यावेत, असा हा व्यवहार आहे. वरवर पाहता त्यात कोणाचेच नुकसान दिसत नाही. तथापि नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, गुजरातच्या सीमेवर वसलेल्या सुरगाणा तालुक्यातून याच व्यवहाराकडे पाहिले, तर त्याचा जमाखर्च निराळा दिसू लागतो.

ही कल्पना मुळात अमेरिकेतली. ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांनी १९५७ साली प्राध्यापक जेम्स मेसन यांना पत्र लिहून विचारले होते, की संघ चालविण्याचे, तिकिटे विकण्याचे, क्रीडागार सांभाळण्याचे शिक्षण देणारी विद्यापीठे का असू नयेत? त्या पत्रव्यवहारातून १९६६ साली ओहायो विद्यापीठात क्रीडाप्रशासनाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की मागणी उद्योगाकडून आली होती. त्याला माणसे हवी होती आणि त्यांना वेतन देण्याची त्याची ऐपत होती. आपल्याकडे क्रम बहुतांशी उलटा आहे. मुंबईत माजी कसोटीपटू नीलेश कुलकर्णी यांनी २०१० साली क्रीडाव्यवस्थापनाची संस्था काढली, गुजरातने २०११ मध्ये स्वर्णिम गुजरात क्रीडा विद्यापीठ स्थापिले, इंफाळचे राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ २०१८ च्या कायद्याने आले आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०२० च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचे विधेयक संमत केले. शिक्षणाचा पुरवठा असा झपाट्याने वाढला. मागणी मात्र २०१४ नंतरच्या प्रो कबड्डीसारख्या काही साखळी स्पर्धा, चारदोन मोठ्या शहरांतल्या मॅरेथॉन आणि क्रिकेट यांच्यापुरतीच राहिली. पुरवठा मागणीपेक्षा अधिक झाला की किंमत घसरते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. श्रमाच्या बाबतीत ती किंमत शून्यापर्यंत घसरली, की तिला ‘प्रशिक्षण’ असे नाव देण्याची सोय असते.

महाराष्ट्रात या विषयाची स्वतंत्र परंपरा आहे, याचाही विसर पडता कामा नये. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखविणारे पथक याच मंडळाचे होते. पुढे त्याच मंडळाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय चालविले. क्रीडासंस्था आणि विद्यार्थी एकाच छपराखाली असल्यामुळे तेथे कराराचा कागद लागत नव्हता. नाशिकमध्येही मराठा विद्या प्रसारक समाजासारखी शिक्षणसंस्था स्वतःच मॅरेथॉन भरविते. हा अनुभव पदरी असताना करारांचे आदर्श परदेशी साखळी स्पर्धांत शोधावेत, हे काहीसे विचित्रच.

पंधरा दिवसांचा हिशेब

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यात २०२३ पासून पदव्युत्तर आणि नंतर पदवी अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षणाला चार श्रेयांक ठेवले आहेत. एका श्रेयांकाला तीस तास या हिशेबाने ते १२० तास होतात. दिवसाचे आठ तास धरले, तर पंधरा दिवस. आता सुरगाण्यातील एखाद्या विद्यार्थ्याने हे पंधरा दिवस पुण्यातील एखाद्या क्रीडासंस्थेत काढावयाचे ठरविले, असे समजू. राहण्याजेवण्याला दिवसाचे पाचशे रुपये धरले, तरी साडेसात हजार होतात. खर्च येथेच संपत नाही. त्या पंधरा दिवसांत त्याने घरी राहून काम केले असते तर काय मिळाले असते, तेही धरले पाहिजे. रोजगार हमीचा महाराष्ट्रातील दर २०२५-२६ सालासाठी दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. म्हणजे ४,६८० रुपयांवर त्याने पाणी सोडले. चार श्रेयांकांची किंमत अशी बारा हजारांच्या पलीकडे जाते. ज्या मुलाचे आईवडील पुण्यातच राहतात, त्याला हेच श्रेयांक बसभाड्यात पडतात. गुणपत्रिकेवर दोघांच्या नावापुढे आकडा सारखाच लागतो. फरक पडतो तो पुढे, कोणाची कोणाशी ओळख झाली आणि नोकरीच्या वेळी कोणाचे नाव कोणाला आठवले, यात.

सुरगाण्यात नव्वद टक्क्यांहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. पाऊस धो धो पडतो, नार-पारसारख्या नद्या येथेच उगम पावतात आणि उन्हाळ्यात हंडे घेऊन बायका झऱ्यावर रांगा लावतात. भात, नागली, वरई निघाली की दिवाळीनंतर घरेच्या घरे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे मजुरीला निघतात. अलीकडे काही गावांनी स्ट्रॉबेरी लावली. ती सापुताऱ्याच्या वाटेवर पर्यटकांना विकली जाते. मूलभूत सोयींच्या अभावाला कंटाळून २०२२ च्या डिसेंबरात याच तालुक्यातील काही सीमावर्ती गावांनी गुजरातेत विलीन करण्याची मागणी केली होती. तिचा राजकीय गाजावाजा झाला आणि ती विरलीही. पण तिच्यामागची तुलना खोटी नव्हती.

या तुलनेला क्रीडाक्षेत्रातही जागा आहे. सीमेपलीकडच्या डांग जिल्ह्यातील सरिता गायकवाड आधी खो-खो खेळत असे. नंतर ती धावण्याकडे वळली आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धांत ४ गुणिले ४०० मीटर रिलेमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय चमूत होती. अलीकडच्या बाजूला त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धांत रौप्यपदक मिळविले. सुरगाणा-पेठ पट्ट्यातील आश्रमशाळांत शिकलेल्या मुली खो-खोत जिल्ह्याचा संघ बळकट करीत आल्या आहेत. डोंगर उतरणी-चढणीने या मुलींना दम दिला, असे कौतुकाने लिहिले जाते. दम डोंगराने दिला हे खरे. परंतु कविता राऊतला नाशिकला आणून वर्षानुवर्षे घडविणारे विजेंद्र सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक डोंगर देत नाही. मुलीचे वय सिद्ध करणारा दाखलाही डोंगर देत नाही. आणि व्यवस्थापन या शब्दाचा सुरगाण्यापुरता अर्थ येथूनच सुरू होतो.

काम कोठे आहे?

सुरगाण्यात संघमालक नाहीत, पण क्रीडासंस्था मात्र अनेक आहेत. आश्रमशाळा आहेत, तालुका पातळीवरच्या शालेय स्पर्धा आहेत, गावोगावची तरुण मंडळे आहेत. कळवण प्रकल्पाखाली येणाऱ्या आश्रमशाळांच्या स्पर्धा प्रकल्प, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात. प्रत्येक पायरीवर प्रवेशिका मुदतीत भराव्या लागतात, जन्मदाखला व आधार यांतील नावांचा मेळ घालावा लागतो, गाडी, मुक्काम व जेवण यांची तजवीज करावी लागते, मुलगी दुखावली तर दवाखाना आणि तिच्या घरी निरोप पाहावा लागतो. ही सर्व कामे एखादा शिक्षक आपले तास सांभाळून करतो. मंडळांच्या स्पर्धांत प्रवेश शुल्क, रोख बक्षीस, मंडपाचा खर्च असा बऱ्यापैकी पैसा फिरतो, आणि त्याचा ताळेबंद बहुतेक वेळा वहीच्या मागच्या पानावर असतो. मंडळाची सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी, लेखापरीक्षण, बँकेतील खाते, आश्रयदात्यांना द्यावयाचा अहवाल या गोष्टी झाल्या, तर तेच मंडळ अनुदानास वा एखाद्या कंपनीच्या सामाजिक निधीस पात्र ठरू शकते. क्रीडाव्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकातील प्रत्येक प्रकरण येथे लागू पडते. तिकीटविक्रीचे तेवढे पडत नाही. तेवढे प्रकरण वगळावे.

रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे यांच्या विचारात काम माणसाच्या गावाजवळ नेण्याचा आग्रह होता आणि १९७७ च्या कायद्याने तो राज्याने मान्य केला. शिक्षणाला हे तत्त्व लावण्यास काय हरकत आहे? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे उपकेंद्र आता दिंडोरी तालुक्यात शिवनई येथे आहे. सुरगाणा नाशिकपासून सुमारे नव्वद किलोमीटर दूर. विद्यापीठाने कळवणच्या प्रकल्प कार्यालयाशी आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांशी करार केला, तर शहरातला क्रीडाव्यवस्थापनाचा विद्यार्थी आणि सुरगाण्यातला वाणिज्य वा कला शाखेचा विद्यार्थी अशी जोडी एका आश्रमशाळेला किंवा मंडळाला देता येईल. पहिल्याला नियम ठाऊक असतात, दुसऱ्याला गाव आणि बोली. यात दयाबुद्धीचा प्रश्न नाही. दोघांपैकी एकटा कोणीच हे काम पुरे करू शकणार नाही.

या योजनेतही धोका आहेच, आणि तो लहान नाही. आश्रमशाळांतील तृतीय व चतुर्थ श्रेणीची पदे बाह्यस्रोतातून भरण्याच्या निर्णयाविरुद्ध रोजंदारी कर्मचाऱ्यांनी २०२५ च्या जुलैमध्ये नाशिकच्या आदिवासी विकास भवनापुढे बिऱ्हाड मांडले होते. भर पावसात माणसे रस्त्यावर संसार थाटून बसली. वेतन वाचविण्याची सवय लागलेल्या खात्याला बिनपगारी विद्यार्थी मिळाले, तर उद्या क्रीडाशिक्षकाच्या रिक्त जागेवर तेच उभे केले जाणार नाहीत, याची हमी कोण देणार? म्हणून करारात दोन अटी शाईने लिहिल्या गेल्या पाहिजेत. मंजूर पदाचे काम विद्यार्थ्याकडून करून घेता येणार नाही, ही एक. दुसरी, विद्यार्थ्याला निर्वाहभत्ता मिळालाच पाहिजे. राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली तेव्हा पदवीधराला दरमहा दहा हजार व बारावी उत्तीर्णाला सहा हजार रुपये विद्यावेतन ठरविले होते. शिकून बाहेर पडलेल्याच्या उमेदवारीला शासन पैसे मोजू शकते, तर शिकत असलेल्याच्या उमेदवारीला पंधरा दिवसांपुरतेही मोजू शकत नाही, हे पटण्यासारखे नाही. प्रश्न तिजोरीचा नाही, लेखाशीर्षाचा आहे. शासनदरबारी लेखाशीर्ष नसलेल्या गोष्टी अस्तित्वातच नसतात, हे कारकुनी करणाऱ्या वाचकांस सांगावयास नको.

विरोध संघटनांकडूनही होईल. हिशेबाची वही परक्या मुलांच्या हाती देणे पदाधिकाऱ्यांना रुचत नाही. एका खेळाच्या दोन-दोन संघटना असल्या, तर विद्यार्थी कोणत्या गटाचा, ही चर्चा आधी होते. नवा केंद्रीय कायदा राष्ट्रीय महासंघांच्या कार्यकारिणीला पंधरा सदस्यांची मर्यादा घालतो, तीत किमान चार महिलांचा आग्रह धरतो. परंतु कायद्याचा उजेड तालुक्यापर्यंत झिरपण्यास किती वर्षे लागतील, याचा अंदाज करणे अवघड आहे. तोवर वही उघडण्याचे काम बाहेरून आलेल्या एखाद्या विद्यार्थिनीने केले, तर तिच्या पाठीशी विद्यापीठ उभे राहील का? महाविद्यालयांतील शारीरिक शिक्षण संचालकांच्या जागा रिकाम्या, निम्मे अध्यापक तासिका तत्त्वावर. अशा स्थितीत पंधरा दिवस सुरगाण्यात जाऊन या विद्यार्थ्यांवर देखरेख कोण करणार, याचेही उत्तर करारावर सही करण्यापूर्वी मिळाले पाहिजे. मानधन तासाचे आणि जबाबदारी चोवीस तासांची, असे चालणार नाही.

शेवटची अडचण दिनदर्शिकेची आहे आणि ती सर्वांत आधी सोडवावी लागेल. आश्रमशाळांच्या स्पर्धा बहुधा हिवाळ्यात होतात. नेमक्या त्याच महिन्यांत विद्यापीठाच्या एका सत्राच्या परीक्षा संपून दुसरे सत्र सुरू होत असते, आणि त्याच महिन्यांत सुरगाण्याची घरे द्राक्षबागांवर गेलेली असतात. आईवडील बागेवर गेले की कागदांवर अंगठा वा सही घेण्यासाठी घरी कोणी सापडत नाही, आणि एका दाखल्यापायी मुलीचे नाव यादीतून गळते. दाखले जमविण्याचे काम म्हणूनच भाताची कापणी संपण्यापूर्वी, ऑक्टोबरच्या आत उरकावे लागते. त्यासाठी विद्यार्थ्यांचे १२० तास सलग पंधरा दिवसांत न घेता पावसाळ्यात काही, स्पर्धांच्या वेळी उरलेले, असे विभागून देण्याची मुभा विद्यापीठाने आपल्या नियमांत ठेवावी लागेल, आणि ती जूनमध्ये सत्र उघडण्यापूर्वी जाहीर करावी लागेल.