कारखान्यातील अपघाताने हिरावलेल्या जगण्याची भरपाई मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मार्फत : मा. अपर कामगार आयुक्त, पुणे

विषय : कामावर कायमची दुखापत झालेल्या कामगारांना कमाईच्या नुकसानाखेरीज वेदना आणि जगण्यातील सोयीसुखांच्या ऱ्हासाबद्दलही भरपाई मिळावी.

महोदय,

आम्ही चाकण, भोसरी, तळवडे आणि कुरुळी भागातील लहानमोठ्या कारखान्यांत काम करताना बोटे किंवा पंजा गमावलेले कामगार आणि आमचे कुटुंबीय आहोत. आमच्यापैकी बहुतेक जण पॉवर प्रेसवर होते. पत्रा डायमध्ये ठेवायचा, पेडल मारायचे, जॉब काढायचा, पुन्हा पत्रा ठेवायचा, असे शिफ्टभर चालते. प्रेस डबल आली, म्हणजे एका पेडलवर दोनदा खाली उतरली, की जॉब काढायला गेलेला हात आतच सापडतो. गार्ड का नव्हता, सेन्सर कोणी बंद ठेवला, हे प्रश्न गंभीर आहेत. परंतु ते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयापुढे मांडायचे आहेत. येथे आम्ही कोणत्याही कारखान्याचे नाव घेत नाही. हात गेल्यानंतर कायदा आमच्याकडे कसा पाहतो, एवढेच आपल्यापुढे ठेवायचे आहे.

कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ सालचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि हा कायदा तिच्यात सामावला गेला. हिशेबाची रीत मात्र तीच राहिली. कायद्याच्या अनुसूचीत अवयवांपुढे टक्के लिहिले आहेत. अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी मुळापासून गेली तर १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. तर्जनीचे नुसते टोक उडाले आणि हाड शाबूत राहिले तर ५. हात उजवा की डावा, याने टक्का बदलत नाही.

पंचवीस वर्षांच्या, महिना १५,००० रुपये मजुरीच्या कामगाराचे उदाहरण घेऊ. मजुरीच्या ६० टक्के म्हणजे ९,००० रुपये. त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या २१६.९१ या गुणकाने गुणले की १९,५२,१९० रुपये होतात, आणि त्यातून अनुसूचीतला टक्का काढायचा. तर्जनीचे सुमारे २ लाख ७३ हजार. करंगळीचे सुमारे १ लाख ३७ हजार. राज्य कामगार विमा योजनेत नाव असलेल्याला एकरकमी पैसे न मिळता दरमहा लाभ मिळतो : मजुरीच्या ९० टक्क्यांचे १४ टक्के, म्हणजे तर्जनीसाठी महिन्याला सुमारे १,८९० रुपये. या रकमा आम्हाला नकोत असे नाही. त्यांच्यावर आमची घरे चालली आहेत, आणि त्या वेळेवर मिळाव्यात म्हणून आमच्यापैकी अनेकांनी वर्षानुवर्षे खेटे घातले आहेत.

पण हे सारे टक्के ‘कमावण्याच्या क्षमतेतील घट’ या एकाच गोष्टीचे आहेत. मजुरी सोडून माणसाचे आणखी काही गेले असेल, तर ते लिहायला या कागदावर रकाना नाही.

काय गेले, ते आम्ही सांगतो.

शर्टाची बटणे लावणे गेले. पायजम्याची नाडी बांधणे गेले. उजव्या पंजाची चार बोटे गेलेला माणूस लग्नाच्या पंगतीत बसत नाही. डाव्या हाताने जेवताना लोक पाहतात, म्हणून तो घरी येऊन जेवतो. प्रेसवर काम करणाऱ्या आमच्या एका बहिणीचा अंगठा आणि तर्जनी गेली. तिला भाकरी थापता येत नाही, मुलीची वेणी घालता येत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही. ती आता दुसऱ्या कारखान्यात पॅकिंगला जाते आणि पूर्वीइतकाच पगार घेते. हिशेबी नजरेने पाहिले तर तिची कमाई फारशी घटलेली नाही. तिच्या घरी जाऊन एक सकाळ पाहावी, एवढीच आमची विनंती आहे.

तुटलेल्या बोटाचे उरलेले टोक थंडीत ठणकते. जे बोट नाहीच, तेही दुखते; डॉक्टर सांगतात की मेंदूला ते अजून तिथेच वाटते. रात्री प्रेसचा आवाज झोपेत येतो. बाळाला दोन्ही हातांनी उचलायची भीती वाटते. गणपतीत ढोल वाजवणारा मुलगा आता पथकाच्या मागून पाण्याचे कॅन वाहतो. रेशन दुकानात यंत्रावर बोट टेकवायचे तर बोटच नाही. दुसरा मार्ग नियमात असला तरी काउंटरवर तो समजावून सांगताना मागची रांग तोंडे वेंगाडते. आणि लग्न. बीड, लातूर, नांदेड, यवतमाळकडून आलेली आमची मुले बाविशी-पंचविशीत हात गमावतात. गावी स्थळ पाहायला आलेली मंडळी हात पाहून चहा घेतात आणि निघून जातात. आईवडिलांना ते दुःख सांगताही येत नाही.

महोदय, याच दुखापतीकडे देशाचा दुसरा कायदा वेगळ्या नजरेने पाहतो. हाच कामगार ड्युटी संपवून घरी जाताना नाशिक रस्त्यावर ट्रकखाली सापडला आणि त्याचा हात गेला, तर त्याचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालू शकतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६८ ने न्यायाधिकरणाला ‘न्याय्य’ भरपाई ठरवायचा अधिकार दिला आहे. त्यात काय काय धरायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१० च्या निकालात स्पष्ट केले : उपचार, प्रवास आणि पौष्टिक आहाराचा खर्च, बुडालेली आणि पुढे बुडणारी कमाई, पुढील उपचार, आणि त्याशिवाय वेदना व मानसिक आघात, जगण्यातील सोयीसुखांचा ऱ्हास, विवाहाच्या शक्यतेचे नुकसान, आयुर्मानातील घट. त्याआधी १९९५ मध्येही याच न्यायालयाने चालणे, धावणे, बसणे हिरावले गेल्याचे मोल पैशाच्या नुकसानापासून वेगळे धरले होते.

म्हणजे रस्त्यावर हात गेला तर कायदा माणसाला विचारतो की तुझे काय काय गेले. कारखान्यात गेला तर विचारतो की तुझी मजुरी किती घटली. हात तोच, माणूस तोच. हा भेद कोणी मुद्दाम केला असे आम्ही म्हणत नाही. १९२३ साली कामगाराकडे मजुरी मिळवणारा एवढ्याच नजरेने पाहिले गेले, आणि ती नजर कायद्यात तशीच राहून गेली.

यावर सांगितले जाते की कामगाराने दिवाणी न्यायालयात जावे. विमा योजनेत नाव असलेल्या कामगाराला ती वाटच नाही; विमा कायद्याचे कलम ५३ त्याच दुखापतीसाठी मालकाकडून दुसरी भरपाई मागू देत नव्हते, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ते तसेच लागू केले. २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराचे कामगार या योजनेत येतात, म्हणजे चाकणचा जवळजवळ सगळा प्रेसवाला वर्ग. ज्यांचे नाव योजनेत नाही, त्यांना दिवाणी दावा किंवा कायद्यातली भरपाई यांपैकी एकच निवडावे लागते. ठेकेदाराकडे राबणारा, हात बांधून घरी बसलेला माणूस वर्षानुवर्षे चालणारा दावा निवडू शकेल काय?

आणखी एक आक्षेप खरा आहे आणि तो आम्ही टाळत नाही. कमाईचे नुकसान शंभर टक्के धरले असेल तर सोयीसुखांचे वेगळे पैसे देणे म्हणजे तीच भरपाई दोनदा देणे होईल, असे २०१० च्या त्याच निकालात म्हटले आहे. अशा वेळी त्या सदराखाली नाममात्र रक्कम पुरे. आम्हाला ते मान्य आहे. १९७५ मध्ये कोपराच्या वर डावा हात गेलेल्या सुताराला सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण अपंगत्व मान्य केले, कारण सुतारकाम एका हाताने होत नाही. तो निकाल आम्हाला आधार वाटतो. पण आमच्यातले बहुसंख्य त्या टोकाला नाहीत. ते ७, १२, १४, २० टक्क्यांतले आहेत. त्यांची कमाई थोडी घटते आणि जगणे पुष्कळ घटते. ४० टक्क्यांच्या आत असल्याने दिव्यांगांच्या बहुतेक सवलतीही त्यांना मिळत नाहीत. सरकारी नोकराला नोकरीत असताना अपंगत्व आले तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २० त्याची नोकरी राखते. आमच्या ठेकेदाराला तसे कोणतेच बंधन नाही.

कायदा बदलता येत नाही असे नाही. २००९ च्या दुरुस्तीपूर्वी उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही यात धरलेला नव्हता. मालकाचे दायित्व आणि कामगारांची नुकसानभरपाई हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत, नोंद २४ मध्ये आहे. राष्ट्रपतींच्या संमतीने अनुच्छेद २५४ खाली महाराष्ट्र स्वतःची दुरुस्ती करू शकतो. आणि केंद्राची वाट न पाहता राज्य काय करू शकते, हे शेतकऱ्यांच्या बाबतीत दिसलेच आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेल्यास १ लाख आणि दोन गेल्यास २ लाख रुपये दिले जातात. आमच्यापैकी अनेकांचे वडील त्याच योजनेत बसतात. शेतात हात गेला तर राज्य पुढे येते. तोच मुलगा एमआयडीसीत हात गमावतो तेव्हाही राज्याने पुढे यावे.

म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली आणि मुख्य मागणी : कामावरील कायमच्या दुखापतीसाठी वेदना व मानसिक आघात, जगण्यातील सोयीसुखांचा ऱ्हास आणि अविवाहितांच्या बाबतीत विवाहाच्या शक्यतेचे नुकसान, या सदरांची स्वतंत्र भरपाई देणारी राज्य दुरुस्ती विधिमंडळात आणावी. तिच्यात किमान रक्कम ठरवलेली असावी. सगळे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडले तर लहान टक्क्यांच्या वाट्याला काही येणार नाही. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत ही रक्कम आधी मूळ मालकाने द्यावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी. विमा योजनेतील कामगारांसाठी असाच लाभ सुरू करण्याची शिफारस राज्याने केंद्र सरकारकडे लेखी करावी. हे काम वेळ घेईल हे आम्हाला कळते, म्हणून मसुदा समिती केव्हा नेमणार, एवढे तरी आता सांगावे. तिच्यात अपघातग्रस्त कामगारांचे, त्यातही स्त्रियांचे, प्रतिनिधी असावेत.

दुसरी : दुरुस्ती होईपर्यंत शेतकरी योजनेच्या धर्तीवर औद्योगिक अपघातग्रस्तांना सानुग्रह अनुदान द्यावे. त्यात बोटे गेल्याचीही गणना व्हावी. पूर्ण हात जाण्याचीच अट घातली तर आमच्यातल्या बहुतेकांना काहीच मिळणार नाही.

तिसरी : अपंगत्व ठरवणाऱ्या मंडळात व्यावसायिक उपचारतज्ज्ञ असावा. कामाचा हात कोणता होता आणि घरातली कोणती कामे थांबली, याची लेखी नोंद घ्यावी. आज बोट मोजून काही मिनिटांत माणूस बाहेर पाठवला जातो.

भरपाईच्या हिशेबासाठी मजुरीची १५,००० रुपयांची कमाल मर्यादा ३ जानेवारी २०२० पासूनची आहे. ती वाढवण्याची आणि दरवर्षी महागाईशी जोडण्याची शिफारस केंद्राकडे जावी, ही चौथी मागणी. कृत्रिम बोटे, हाताचे व्यायामोपचार आणि मानसोपचार पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरात मोफत मिळावेत. रेशन दुकानांत बोटाचा ठसा देऊ न शकणाऱ्यांना ओटीपी किंवा डोळ्याच्या पडताळणीचा मार्ग बिनतक्रार द्यावा, अशी सूचना संबंधित खात्याला आपल्याकडून जावी.

राहिली मुदतीची गोष्ट. भरपाई देय झाल्यापासून महिनाभरात न दिल्यास १२ टक्के व्याज आणि ५० टक्क्यांपर्यंत दंड, ही तरतूद १९२३ च्या कायद्यात होती. ती क्वचित वापरली गेली, असा आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाचा अनुभव आहे. नव्या संहितेखाली प्रत्येक प्रकरणात विलंबाचे कारण लेखी नोंदवून व्याज आपोआप लावले जावे.

या निवेदनासोबत सह्या केलेल्या कामगारांची यादी, वैद्यकीय कागद आणि प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेली किंवा सांगून लिहवून घेतलेली हकिगत जोडली आहे. आपण या प्रश्नावर आमच्या प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी आणि पहिल्या दोन मागण्यांवर शासनाची भूमिका लेखी कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
चाकण-भोसरी परिसरातील अपघातग्रस्त कामगार व कुटुंबीय

प्रत माहितीसाठी :
१. मा. कामगार आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मुंबई
२. मा. संचालक, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य, महाराष्ट्र राज्य
३. मा. जिल्हाधिकारी, पुणे