पिशवी काढण्याआधी

वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेला सेवाग्राम आणि सावंगी येथील दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये जवळ आहेत. इतकी सोय महाराष्ट्रातील फार थोड्या वस्त्यांना लाभली आहे. परंतु रुग्णालय जवळ असणे आणि उपचाराची निवड हाती असणे यांत अंतर आहे. श्रमिक स्त्रीच्या बाबतीत तर ते फारच मोठे असते.

गर्भाशयातील फायब्रॉईडच्या गाठी बहुधा कर्करोगाच्या नसतात. त्रास नसल्यास त्यांवर केवळ लक्ष ठेवणे पुरते. रजोनिवृत्तीनंतर त्या सहसा आक्रसतात. अतिरक्तस्रावावर औषधे आहेत. दुर्बिणीतून गाठ तेवढी काढून गर्भाशय राखता येते. मांडीतील वा मनगटातील रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा रोखण्याची पद्धत फ्रान्समधील डॉक्टरांनी १९९५ साली प्रसिद्ध केली. तीत पोट उघडावे लागत नाही. प्रत्येक उपाय प्रत्येकीला मानवतो असे नाही. मूल हवे असणाऱ्या स्त्रीला ही शेवटची पद्धत सहसा सुचवली जात नाही. काहींना गर्भाशय काढणे अपरिहार्यही ठरते. मात्र हे सारे रुग्णेला आधी सांगितले गेले पाहिजे.

न सांगितल्यास काय घडते, हे बीडने दाखवले. तेथील ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या २०१९ सालच्या सरकारी पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. एक खाडा पडला की मजुरी बुडते, वर मुकादमाचा दंड. अशा स्त्रीला 'पिशवी काढा, कटकट संपेल' हा सल्ला पटतो. तिच्या या संमतीला स्वातंत्र्य म्हणणे ही क्रूर थट्टा होय. अकाली रजोनिवृत्ती आणि ठिसूळ हाडे मात्र तिच्याच वाट्याला येतात.

अनावश्यक गर्भाशयशस्त्रक्रिया रोखणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २०२२ साली निघाली. ती तीन महिन्यांत अमलात आणावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना बजावले. त्यांत जिल्हा पातळीवर देखरेख समितीची तरतूद आहे. या समितीची बैठक कधी झाली, तिने किती शस्त्रक्रिया तपासल्या, हे कार्यकर्त्यांनी प्रत्येक जिल्ह्यात विचारले पाहिजे. नळीद्वारे होणारा उपचार सरकारी रुग्णालयात मोफत मिळावा आणि सर्व पर्याय स्त्रीला तिच्या भाषेत समजावल्याची नोंद व्हावी, हा आग्रह धरला पाहिजे. विज्ञानाने खुली केलेली वाट पैसेवाल्यांपुरती राहू देणे समतावाद्यांना शोभणारे नाही.