बैलगाड्याच्या इतिहासाला पुराव्याची भीती का वाटावी?

१/ राजुरी, आळे, बेल्हे, नारायणगाव या पट्ट्यात यात्रांचा हंगाम सुरू झाला की एक वाक्य हमखास कानी पडते : बैलगाडा शर्यत शिवकाळापासून चालत आली आहे. शिवनेरीच्या छायेत वाढलेल्या मनाला ते सुखावते. मात्र ते उच्चारणाऱ्यास एवढेच विचारावे : कोणत्या कागदावरून? आजचा धागा या एका प्रश्नासाठी.

२/ जुन्नर-आंबेगावाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण. इथला 'घाट' म्हणजे सह्याद्रीतली वाट नव्हे, तर शर्यतीसाठी राखलेली चढणीची धावपट्टी. हलक्या गाड्याला चार बैल जुंपतात, पुढे घोडीवरचा स्वार दौडतो आणि गाडा हाकणाऱ्याविना वर धावतो. एका धावेला 'बारी' म्हणतात. निकाल सेकंदांत लागतो. विदर्भाचा शंकरपट निराळा, अलिबागच्या किनाऱ्यावर वाळूत धावणाऱ्या गाड्या निराळ्या.

३/ आता एक दूरचे उदाहरण घेऊ. अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांताचे डेटोना बीच हे गाव. तिथली ओली वाळू इतकी कठीण की वेगाचे विक्रम तिच्यावर होत. मार्च १९३५ मध्ये माल्कम कॅम्पबेल यांनी तिथे ताशी २७६ मैलांचा वेग गाठला. त्याच वर्षी विक्रमवीर युटा प्रांतातील मिठाच्या मैदानाकडे वळले आणि गावाचा मान गेला.

४/ गावाने हार मानली नाही. ८ मार्च १९३६ रोजी नगरपालिकेने सिग हॉग्डाल यांच्या साहाय्याने साध्या, दुकानात मिळणाऱ्या मोटारींची शर्यत भरवली. मार्ग ३.२ मैलांचा : एक बाजू किनाऱ्याची वाळू, दुसरी डांबरी रस्ता. वळणांवरची वाळू उखडली, मोटारी रुतल्या, २५० मैलांची शर्यत आधीच थांबवावी लागली. मिल्ट मॅरियन विजयी ठरले. नगरपालिकेला सुमारे २२ हजार डॉलरचा तोटा झाला.

५/ त्या शर्यतीत पाचवा आलेला बिल फ्रान्स हा पुढे संघटक झाला. डिसेंबर १९४७ मध्ये त्याने डेटोनाच्या एका हॉटेलात सर्वांना एकत्र बसवले आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये 'नॅस्कार' ही संस्था नोंदली गेली. वाळूवरची शेवटची शर्यत १९५८ मध्ये झाली. १९५९ मध्ये तिथे पक्की, उतरत्या वळणांची धावपट्टी सुरू झाली.

६/ या खेळाची लोकप्रिय दंतकथा अशी की तो चोरट्या दारूच्या वाहतुकीतून जन्मला. तीत तथ्य नाही असे नव्हे. जून १९४९ मध्ये शार्लट येथे पहिला आलेला ग्लेन डनवे मागच्या स्प्रिंगा बदलल्याबद्दल बाद झाला आणि ती मोटार दारू वाहणाऱ्याचीच होती. परंतु किनाऱ्यावरच्या १९३६ च्या आरंभाशी दंतकथेपेक्षा नगरपालिकेच्या तोट्याचा संबंध अधिक. हे आज सांगता येते, कारण तो तोटाही नोंदला गेला.

७/ १९५९ च्या पहिल्याच डेटोना शर्यतीत ली पेटी आणि जॉनी बोशँप जवळजवळ एकाच क्षणी रेषेवर आले. आधी बोशँप विजयी ठरवला गेला. तीन दिवस छायाचित्रे आणि चित्रफिती तपासून निकाल पेटीच्या बाजूने फिरला. पुराव्यापुढे जाहीर झालेला निकालही माघार घेतो. इतिहासाला याहून वेगळा नियम नाही.

८/ आता घरी येऊ. ११ जुलै २०११ रोजी केंद्राने बैलाला प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूसह बैलगाडा शर्यतींवर बंदी कायम केली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायदा दुरुस्त केला. उच्च न्यायालयाने त्यावर रोख लावला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह वाट मोकळी केली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायदा वैध ठरवला.

९/ गुलाल उधळला गेला, तो योग्यच. पण निकाल वाचला किती जणांनी? हा खेळ संस्कृतीचा अविभाज्य भाग आहे की नाही, हे ठरवण्यास लागणारे सखोल सामाजिक-सांस्कृतिक विश्लेषण न्यायालयाचे काम नव्हे, असे घटनापीठाने म्हटले आणि विधिमंडळाचे मत मान्य केले. म्हणजे परंपरेला न्यायालयाने प्रमाणपत्र दिलेले नाही. ते काम अजून कोणीतरी करायचे आहे, आणि जे विधिमंडळ देते ते उद्या दुसरे विधिमंडळ काढूनही घेऊ शकते.

१०/ म्हणून शिवकाळाचे वाक्य केवळ चुकीचे नाही, ते घातक आहे. ज्या दाव्याला कागद नाही तो विरोधक एका प्रश्नात पाडतो, आणि त्याबरोबर खरी, सिद्ध होण्याजोगी परंपराही खोटी ठरते. महाराजांचे नाव पुराव्याच्या जागी वापरणे हा महाराजांचाही मान नव्हे.

११/ दुसऱ्या बाजूलाही सवाल आहे. 'पुस्तकात नाही म्हणजे इतिहास नाही' असे शहरी तुच्छतेने म्हणणाऱ्यांनी आळ्याला जावे. ज्ञानदेवांच्या रेड्याची समाधी इथे गावाने जपली आहे. बेल्ह्याचा बैलबाजार, थापलिंगची यात्रा, निमगाव दावडीचा घाट ही नावे माणूस आणि जनावर यांच्या नात्याची साक्ष देतात. लिहिले गेले नाही आणि घडले नाही, या दोन गोष्टी एक नव्हेत.

१२/ 'म्हाताऱ्यांना सगळे ठाऊक आहे, लिहायचे कशाला?' असेही म्हटले जाते. स्मृती मौल्यवान खरी, पण ती तारखा गाळते आणि हरलेल्यांना विसरते. शिवाय सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. बंदीच्या वर्षांत जी मुले वाढली, त्यांनी घाट ऐकला तो आठवणींतूनच.

१३/ आणि लिहायचे तर सगळे लिहावे. २०१४ च्या निकालात जनावरांवरील क्रौर्याची वर्णने आहेत. चाबूक, टोचणी, शेपट्या पिळणे हे प्रकार ज्या घाटावर झाले, तिथे ते नोंदलेच पाहिजेत. २०१७ च्या कायद्यात ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद आहे, ती उगीच नव्हे. डनवेचे बाद होणे अमेरिकनांनी लपवले नाही, म्हणून त्यांच्या उरलेल्या इतिहासावर विश्वास बसतो.

१४/ साधने आपल्या गावातच आहेत : यात्रा कमिटीच्या जमाखर्चाच्या वह्या, वर्गणीच्या पावत्या, कार्यक्रमपत्रिका, बक्षिसांच्या ढालींवर कोरलेली वर्षे, लग्नाच्या अल्बममध्ये सापडणारे बैलांचे फोटो. प्रत्येक वस्तूचे छायाचित्र घ्या. कोणाकडे, कोणत्या साली, कोणत्या घाटावर, हे तिथल्या तिथे लिहा. वृद्ध गाडामालकांना प्रश्न विचारताना उत्तर त्यांच्या तोंडी घालू नका.

१५/ कदाचित आपला सर्वांत जुना कागद चारशे वर्षांचा निघणार नाही, साठ-सत्तर वर्षांचाच निघेल. तो निघाला तर तेवढेच सांगावे, आणि ताठ मानेने सांगावे. बारीचा निकाल सेकंदाच्या अंशापर्यंत मोजणाऱ्यांनी आपल्या खेळाचे वय मात्र अंदाजाने सांगावे, हे घाटाला शोभत नाही.