वासाचं काय घेऊन बसलात?

पुस्तक विरुद्ध किंडल असा वाद निघाला की आपल्याकडचे पुस्तकप्रेमी एकदम हळवे होतात. "तो कोऱ्या पानांचा वास... ते पान उलटण्याचं सुख..." वगैरे वगैरे. अहो, वासाचं काय घेऊन बसलात? जुलैमध्ये एकदा रत्नागिरीला या आणि आमच्या घरच्या कपाटाला नाक लावा. बुरशीचा वास येतो, आणि मग शिंका!

मी स्वतः किंडलवाला आहे, हे आधीच कबूल करतो. ऐरोलीत तिघांत एक फ्लॅट, त्यात पुस्तकं ठेवायची कुठे? कोकण रेल्वेने घरी येताना करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात मोबाईल मान टाकतो, किंडल नाही. २०१६ पासून त्यावर मराठी पुस्तकंही मिळतात. तेव्हा वास, स्पर्श हे मुद्दे माझ्यापुरते बाद.

माझं भांडण वेगळं आहे. मागच्या खेपेला घरी गेलो तेव्हा आत्या म्हणाली, "ती कादंबरी विकत घेतलीस म्हणालास ना? मग दे की चार दिवस." आता आली का पंचाईत! द्यायचं काय? अख्खं किंडल? त्यात माझं खातं, माझं कार्ड.

आणि ही तीच आत्या, जिच्या वाचनालयाच्या कार्डावर मी शाळेत असताना पुस्तकं आणायचो.

त्या दिवशी पहिल्यांदा त्या अटी नीट वाचल्या (आपण सगळे 'आय अ‍ॅग्री' दाबून मोकळे होतो, इंजिनियर तर सगळ्यात आधी). सरळ लिहिलंय की आपल्याला पुस्तक विकलेलं नाही, वाचण्याचा परवाना दिलाय. तो परवाना दुसऱ्याला देता येत नाही, विकता येत नाही. पैसे मात्र 'बाय'चं बटण दाबून घेतले!

हा नुसता कागदी घोडा नाही. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने लोकांनी विकत घेतलेली पुस्तकं त्यांच्या किंडलवरून परस्पर पुसली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे खरं. पैसेही परत दिले, पुढे माफीही मागितली. पण पुस्तक कुठलं? ऑर्वेलचं '१९८४'! २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं, लोकांची पुस्तकंही गेली. पैसे परत मिळाले म्हणा. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये विकत घेतलेलं किंडल पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीने हलवायची सोयही काढून घेतली.

आमच्या रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं आहे. तेव्हा टिळकही जन्मले नव्हते. एक पुस्तक शंभर घरं फिरून परत येतं, हा त्याचा साधा हिशोब. त्यासाठी कुणा कंपनीची परवानगी लागली नाही.

"आणि पूर आला की?" असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ आणि २०२१ अशा दोन्ही पुरांत पाणी शिरलं, पुस्तकांचा लगदा झाला. अशा दुर्मिळ पुस्तकांचं स्कॅनिंग व्हायलाच हवं, कालच व्हायला हवं होतं. पण ती फाईल वाचनालयाच्या हातात हवी, दुसऱ्याच्या कुलपात नको. माझा राग पडद्यावर नाही, कुलपावर आहे. आणि पुरातून उठताही येतं. २००५ ला बुडालेलं हेच वाचनालय २०१३ मध्ये साहित्य संमेलनाचं यजमान होतं.

तेव्हा मंडळी, किंडलवर खुशाल वाचा. मीही वाचणार. पण जे पुस्तक आवडेल, दुसऱ्याने वाचावं असं वाटेल, ते कागदावर घ्या. आणि गावच्या वाचनालयाची वर्गणी भरा. महिन्याच्या ओटीटीपेक्षा जड नसते.

आत्यासाठी ती कादंबरी मी पुन्हा विकत घेतली. म्हणजे एकाच पुस्तकाचे दोनदा पैसे! वाचून झाल्यावर तिने ती शेजारच्या काकूंना दिली, मला न विचारता. सध्या कुठे आहे ठाऊक नाही.

असो. परत येईल. नाही आली तरी कुणीतरी वाचतंय.